जोडीचं रक्त

दिवेलागण झाली की सुगंधा आधी देवाजवळ दिवा लावायची आणि मग नवऱ्याची गोळी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. हातात द्यायची नाही. अठरा वर्षांत एकदाही दिली नव्हती. कट्ट्यावर गोळी, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि जरा मागे सरून हाताची घडी घातलेली सुगंधा. हिंदुराव यायचे, गोळी उचलायचे, गिळायचे आणि शिक्षा भोगून झालेल्या पोरासारखे मान खाली घालून बाहेर जायचे. मग ती स्वतःची गोळी घ्यायची. बहुतेक वेळा गप्प असायची. बोललीच तर एकच शब्द, "तुमच्यापायी."

बाहेरच्या माणसाला यातलं काही दिसत नव्हतं. निमसांगीत हिंदुराव माळवदे म्हणजे बेदाण्याचे नावाजलेले व्यापारी. सौद्याला त्यांनी मूठभर बेदाणा हातात घेऊन भाव काढला की बाकीचे मुकाट्यानं मान डोलवत. लग्नाकार्याला जोडी बरोबर जायची, आहेर जोडीनं घ्यायची. लेक पुण्याला संसारात रमलेली होती आणि आईबाप दोघं कसलीशी गोळी घेतात एवढंच तिला माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात मात्र सुगंधानं एक न्यायालय मांडलं होतं. ते रोज संध्याकाळी भरायचं आणि निकाल रोज तोच लागायचा.

गेल्या दिवाळीपासून हिंदुरावांचे पाय सुजायला लागले. मूत्रपिंडं थकली होती. सुरुवातीच्या काळात जी गोळी मिळायची ती बऱ्याच जणांना सोसते, त्यांना सोसली नव्हती. पुढं औषध बदललं, पण व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "जे औषध थांबवता येईल ते थांबवा, नाहीतर वर्षभरात डायलिसिसवर याल." पण एचआयव्हीचं औषध थांबवायचं कसं? थांबवलं की दडून बसलेला विषाणू डोकं वर काढणार. इकडे आड, तिकडे विहीर. सुगंधा रागावलेली होती, पण तिला विधवा व्हायचं नव्हतं. हे ती मनातल्या मनात कबूलही करायची आणि त्यामुळे जास्तच चिडायची.

तिच्या लेखी सगळ्याची सुरुवात इंदूरला झाली होती. त्या वर्षी चैत्रात हिंदुराव बेदाण्याची गाडी घेऊन तिकडं गेले आणि भाव पडला म्हणून अडकून राहिले. गावची भैरोबाची यात्रा चुकली. यात्रेत बायकांनी गोंदवून घेतलं. सुगंधानंही घेतलं, उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, ठळक अक्षरांत, 'हिंदुराव'. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, उखाण्यापुरतं घ्यायचं. पण हातावर लिहायला कोणाची बंदी आहे? पोरगी शाळेत जाणारी, आणि ही बाई नव्या नवरीसारखी हात पदराखाली झाकून नवऱ्याची वाट बघत बसली होती.

आठवड्यानं ते आले. नाव बघितलं आणि हसलेच नाहीत. नेहमीसारखे जेवले, नेहमीसारखे तिच्याजवळ झोपले, पण बोलणं तुटक. असे चार दिवस गेले. मग एका सकाळी अंगणात भांडी विसळताना तिची बाही मागे सरली, ते नाव पुन्हा त्यांच्या नजरेला पडलं आणि एवढा थोराड माणूस उभ्या जागी ढसाढसा रडायला लागला.

"ते नाव पूस गं," ते म्हणाले. "मी त्या लायकीचा न्हाई."

मग एकेक बाहेर आलं. इंदूरचा लॉज. एक बाई. आणि आदल्या रात्री बरोबरच्या व्यापाऱ्याचा आलेला फोन, की त्या बाईला एचआयव्ही आहे, तू तपासून घे.

त्याच दिवशी दोघं तालुक्याच्या तपासणी केंद्रात गेली. 'आज तपासणी, आजच औषध' अशी मोहीम तेव्हा चालू होती, आणि मोहीम चांगलीच होती. घोळ झाला तो दुसरीकडे. लागण अगदी ताजी असली तर नेहमीच्या चाचणीत काही दिसत नाही, थेट विषाणूचा अंश शोधावा लागतो. ती चाचणी महाग आणि साहित्य कायम अपुरं. म्हणून त्या केंद्रात नवरा-बायकोचं रक्त एकाच नळीत मिसळून तपासायची पद्धत पडली होती. काही निघालं नाही तर दोघंही सुटली. निघालं तर मग दोघांचं वेगवेगळं तपासायचं.

माळवद्यांच्या नळीत विषाणू निघाला. वेगवेगळं तपासायला साहित्यच उरलं नव्हतं. औषध मात्र तेव्हाच सुरू झालं, दोघांनाही. नवं साहित्य आलं तोवर औषधानं आपलं काम केलं होतं आणि दोघांचंही रक्त स्वच्छ येत होतं. "नवरा-बायकोचं रक्त एकच की हो," केंद्रातले साहेब म्हणाले. "कुणाचं काय हे उकरून आता काय करायचंय? दोघंही जन्मभर घ्या." कोणी पुढं विचारलं नाही. विचारायचं काय होतं? नवरा इंदूरला जाऊन आला होता आणि बायको घरात होती.

मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनीच मिरजेच्या एका नव्या संशोधन केंद्राचं नाव सुचवलं. तिथं स्मरणवाचक नावाचं यंत्र आलं होतं. दिसायला ते लहानशा कपाटाएवढं. डॉक्टर तस्नीम मुजावर ते चालवायच्या. वय पस्तिशीच्या आतलं, बोलणं भराभर, आणि समोरच्याला कळल्याशिवाय पुढं न जाण्याची खोड.

"काका, तुम्ही बेदाणा हातात घेतला की तो कुठल्या शेडवर वाळलेला हे ओळखता ना?" त्यांनी विचारलं.

"वळखतो की. जलम गेला त्यात."

"आपल्या रक्तात टी-पेशी असतात, त्यांचंही तसंच आहे. फरक एवढाच की एक पेशी एकच शत्रू ओळखते. तिच्या अंगावर एक आकडा असतो, तो फक्त त्याच शत्रूत अडकतो. शत्रू भेटला की ती स्वतःसारख्या लाखो पेशी तयार करते. लढाई संपली की त्यातल्या बहुतेक मरतात, पण थोड्या मागे राहतात. काही तर जन्मभर. त्या आठवण ठेवून असतात."

"मग एचआयव्हीला का मारत न्हाईत?" सुगंधानं विचारलं. प्रश्नाला धार होती, पण प्रश्न बरोबर होता.

"कारण तो विषाणू या सैन्याच्या मुकादमांनाच धरतो, काकू. आणि वर्षानुवर्षं लढून बाकीच्या पेशी दमून जातात, शत्रू समोर असूनही हात उचलत नाहीत. पण लागण झाल्यावर अगदी सुरुवातीच्या दिवसांत औषध मिळालं तर गोष्ट वेगळी. विषाणूला दडायला जागा कमी मिळते आणि पेशी दमायच्या आत लढाई थांबते. अशा माणसांच्या साध्या चाचण्यासुद्धा कधीकधी कोऱ्या येतात. विषाणू सापडत नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्यंही सापडत नाहीत. पण पेशींना सगळं आठवत असतं." त्यांनी कपाटावर हात ठेवला. "हे यंत्र विषाणूला शोधतच नाही. ज्यांनी त्याला पाहिलंय, त्यांना विचारतं."

हिंदुरावांच्या पेशी ताज्या आणि सावध निघाल्या तर देखरेखीखाली औषध थांबवून बघता येणार होतं. मूत्रपिंडांना तेवढीच उसंत. डॉक्टरांनी सुगंधाचंही रक्त मागितलं. एकाच वेळी औषध सुरू झालेली जोडी क्वचित मिळते, तुलना करता येते, असं त्या म्हणाल्या.

"माझं कशाला? मी काय केलंय?" सुगंधा म्हणाली.

"तुझ्याबी गोळ्या सुटल्या तर बरंच की," हिंदुराव हळूच म्हणाले. तिनं त्यांच्याकडे न बघता बाही वर केली, डावी.

या यंत्रानं तोवर बऱ्याच घरांत आग लावली होती. कोणाला काय कधी होऊन गेलं हे पेशी सांगतात म्हटल्यावर लोकांना दुसऱ्याच्या पेशींची उत्सुकता जास्त. एका सासूबाईंनी म्हणे पत्रिकेबरोबर होणाऱ्या सुनेचा स्मरण-अहवाल मागितला होता. शेवटी कायदा आला, की ज्याच्या पेशी त्याचाच निकाल, दुसऱ्याला सांगायचा तर लेखी संमती हवी. सुगंधानं आणि हिंदुरावांनी एकमेकांसाठी संमतीच्या सह्या मुकाट्यानं केल्या. लपवायचं राहिलंच काय होतं!

रक्त देऊन झालं. पंधरवड्यानं पुन्हा बोलावणं आलं, दोघांचं वेगवेगळ्या दिवशी. हिंदुरावांच्या तर काखेतल्या गाठीतला सूतभर तुकडाही काढून घेतला. "बघा, काहीतरी बिघडलंय ह्यांचं," असं सुगंधा घरी म्हणाली, आणि लगेच देवाजवळ जाऊन हात जोडून आली. मग निकालाचा दिवस उजाडला. डॉक्टरांनी आधी तिला एकटीला आत घेतलं. हिंदुराव बाहेर चिंचेखालच्या बाकावर बसले.

"काकू, तुमच्या पेशी बघून आमची सगळी टीम खूश आहे," डॉक्टर म्हणाल्या. "इतक्या ताज्या, इतक्या तरतरीत! विषाणूचा तुकडा नुसता दाखवला की उठून बसतात. अजून सहा महिने गोळी चालू ठेवू, मग थांबवायचा विचार करता येईल."

सुगंधाला उगीचच अभिमान वाटला, परीक्षेत पोरीचा नंबर आल्यासारखा. "आणि ह्यांच्या?"

पुढ्यातला पेन उचलून डॉक्टरांनी परत खाली ठेवला.

"काकांच्या पेशींना लहानपणीचा गोवर आठवतो. डेंगी आठवतो. करोनाची लस आठवते. पण एचआयव्ही आठवत नाही. एकाही पेशीला नाही. आम्ही तीनदा बघितलं. विषाणू मागे ठेवतो त्या खुणाही शोधल्या, गाठीतसुद्धा. काहीच नाही. काकू, त्यांना ही लागण कधी झालीच नव्हती."

सुगंधा हसली. खरंच हसली. "नळ्या बदलल्या असतील हो. तालुक्याला असंच व्हायचं."

"म्हणूनच तर वेगवेगळ्या दिवशी बोलावलं होतं."

"मग उलटं झालं असंल. त्यांचं माझ्या नावावर, माझं त्यांच्या."

"नाही, काकू."

खोलीतला पंखा फिरत होता, बाहेर कोणीतरी कोणाला हाक मारत होतं, आणि तिला काही म्हणजे काही कळेना. नळी एक होती. रक्त दोघांचं होतं. त्यातलं एक स्वच्छ होतं म्हणजे दुसरं... मांजरानं दूध सांडावं आणि कुत्र्याला अठरा वर्षं मारावं, तसं झालं होतं. आणि ती जोरात ओरडली, "मी कुठं गेले न्हाई! देवाशप्पथ सांगते, मी कुठंबी गेले न्हाई!"

डॉक्टरांनी काही विचारलंच नव्हतं. त्या उठून तिच्याजवळ येऊन बसल्या. "मला माहीत आहे. ही लागण काही एकाच वाटेनं येत नाही. त्या दिवसांत कुठं इंजेक्शन घेतलं होतं? दात काढला होता? रक्त चढवलं? गोंदण?"

सुगंधाच्या उजव्या हातात कायम कोपरापर्यंत बांगड्या असायच्या. गावातल्या बायका चेष्टा करायच्या, काय हो, रोज लग्नाला निघालाय का? आता तिनं डाव्या हातानं त्या सगळ्या घट्ट धरल्या. त्यांच्याखाली ते नाव होतं. पहिलं वर्षभर चुना लावून, वजरीच्या दगडानं घासून तिनं ते घालवायचा प्रयत्न केला होता. कातडी सोलवटली. अक्षरं बोथट झाली, पण गेली नाहीत.

"गोंदण," ती म्हणाली.

यात्रेतली राहुटी तिला जशीच्या तशी दिसली. बॅटरीवरचं घरघरणारं यंत्र, एक सुई, शाईची एकच वाटी. बायकांची रांग आणि हशा. एकीचं झालं की तो गोंदणारा मळक्या फडक्यानं सुई पुसायचा आणि म्हणायचा, "हं, फुडची!"

"म्हंजी ह्यांनी मला न्हाई दिला," सुगंधा म्हणाली.

"नाही. ते इंदूरला जिच्याकडे गेले तिला लागण असेलही. एका वेळी ती लागतेच असं नसतं. तुमच्यापासूनही त्यांना लागली नाही. नशीब म्हणा." मग डॉक्टरांनी विचारलं, "पण एक सांगा. तुमच्या पेशी इतक्या चांगल्या राहिल्या, कारण दहा-बारा दिवसांत औषध सुरू झालं. इतक्या लवकर आमच्याकडे कोणी येतच नाही. माणसाला काही त्रास होत नाही, तो कशाला येईल? आठ-आठ वर्षं पत्ता नसतो. तुम्हाला कोणी आणलं?"

सुगंधा त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

हिंदुराव इंदूरला गेले नसते, तर ती तपासायला गेलीच नसती. ते चुकले म्हणून ती वाचली. नुसते चुकून गप्प बसले असते तरी ती मेली असती. हातावरचं नाव बघून त्यांना राहवलं नाही आणि ते बोलले, म्हणून ती आज या खुर्चीत बसून होती. ज्या नावानं रोग आत आला त्याच नावानं त्यांचं तोंड उघडलं. आणि ज्या रोगाचा त्यांच्या अंगात मागमूस नव्हता त्याची गोळी ती रोज संध्याकाळी समोर उभी राहून त्यांना गिळायला लावत होती, ती पार त्यांची मूत्रपिंडं जाईपर्यंत. कोणी तिच्या कानशिलात मारली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"ह्यांनी आणलं," ती शेवटी म्हणाली.

ती बाहेर आली आणि हिंदुराव आत गेले. जाताना त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? तिनं मान फिरवली. चिंचेखालचा बाक त्यांच्या बसण्यानं अजून ऊबदार होता. तिथं बसल्यावर तिला ती राहुटी पुन्हा दिसली, आणि या वेळी तिच्या पुढं बसलेली बाईही दिसली.

राजाक्का. तिची नणंद, हिंदुरावांची थोरली बहीण. भरल्या वयात विधवा होऊन भावाकडे राहिलेली, देवभोळी, सगळ्यांचं करून शेवटी जेवणारी. विधवा म्हणून तिला कुठं पहिला मान मिळत नव्हता, ना हळदीला ना ओटीला. सुगंधाला ते खुपायचं. म्हणून तिनं त्या दिवशी मुद्दाम आग्रह केला होता, "आधी वन्सं बसतील. मान त्यांचा." राजाक्का लाजत पुढं झाली. त्याच सुईनं तिनं मनगटावर तुळस गोंदवून घेतली. मग त्या माणसानं सुई फडक्याला पुसली आणि सुगंधानं हात पुढं केला.

राजाक्का पाच वर्षांनी गेली. आधी ताप, मग तोंड आलं ते जाईना, मग अंगावरचं मांस गळत गेलं. टीबी म्हणून औषधं झाली. एके दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून हिंदुराव चाचरत म्हणाले होते, "आक्काची एकदा ती आपली तपासणी करून बघूया का?"

सुगंधाला स्वतःचं उत्तर शब्दन् शब्द आठवत होतं. "आपल्यावरनं जग वळखू नका! त्या माउलीच्या कपाळाला तुमचं पाप लावताय व्हय?"

हिंदुराव दारातून मागे फिरले. त्या घरात त्यांना तोंडच नव्हतं. ते तोंड कोणी काढून घेतलं होतं? श्रावणात राजाक्का गेली. औषध तेव्हाही फुकट मिळत होतं, त्यांच्या घरापासून पाच मैलांवर.

हा दुसरा धक्का पहिल्याहून भयंकर होता. पहिल्यात निदान कोणाचा हेतू नव्हता. बाकाची कड धरून सुगंधा वाकून बसली. शेजारून जाणाऱ्या नर्सनं विचारलं, "मावशी, पाणी देऊ?" तिनं मानेनंच नको म्हटलं.

हिंदुराव बऱ्याच वेळानं बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर काही वाचता येत नव्हतं. ते येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. आता ते विचारतील, कुठनं आणलंस? तिनं त्यांना हाच प्रश्न हजार वेळा विचारला होता, उत्तर माहीत आहे असं समजून. त्यांनी विचारावं, ओरडावं, चारचौघांत अब्रू काढावी, असं तिला मनापासून वाटत होतं.

"डाक्टरीन बाईंनी गोंदणाचं सांगितलं," ते म्हणाले. मग बाकावर पडलेला चिंचेचा पाला हातानं झाडला. "आक्का तुझ्या आधी बसली हुती न्हवं? मला सांगायची ती, वैनीनं मला पैला मान दिला म्हणून. लई खूश हुती."

"व्हय."

"मी म्हणालो हुतो तवा. तपासूया म्हणून."

"व्हय."

एवढंच. मूत्रपिंडांचं नाव नाही, अठरा वर्षांचं नाव नाही. त्यांनी टोपी काढून डोळ्यांवर धरली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. अंगणात ते रडले होते तेव्हा तिनं हातातलं भांडं आपटलं होतं. आता काय करावं हे तिला कळेना. तिनं हात पुढं केला, तो अर्ध्या बाकावर थबकला आणि परत मांडीवर आला.

"शिव्या तरी द्या मला," ती म्हणाली.

"शिव्या दिऊन आक्का येतीया व्हय?"

एस.टी.त दोघं शेजारी बसली. तासगाव मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बेदाण्याच्या शेडची हिरवी कापडं वाऱ्यानं फडफडत होती. हिंदुरावांच्या खिशात डॉक्टरांची चिठ्ठी होती, आजपासून गोळी बंद. ते सुटले होते. सुटलेल्या माणसासारखे ते मुळीच दिसत नव्हते.

घरी आल्यावर ते सोप्यात बसून राहिले. दिवेलागण झाली. सुगंधानं दिवा लावला, आणि सवयीनं दोन्ही गोळ्या काढल्या. मग एक परत डबीत टाकली. दुसरी तिनं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, शेजारी तांब्या ठेवला. आज ती मागे सरून उभी राहिली नाही. आज ती कट्ट्यासमोर उभी राहिली, रोज ते राहायचे तिथं. उचलायची आणि गिळायची, एवढंच तर होतं. पण हात पुढं होईना. रोज ते हे कसं करत होते, हे तिला त्या क्षणी कळलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

मागे पावलं वाजली. हिंदुराव आले, कट्ट्याशी थांबले आणि त्यांनी गोळी उचलली.

"आक्काचं मी इसरंन असं न्हाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "जमायचं न्हाई मला. आणि इंदूरचं तूबी इसरू नगंस. ते मी केलंयच."

सुगंधानं मान हलवली.

"पण येळ झाली. घे."

गोळी त्यांच्या तळहातावर होती. कट्ट्यावर ठेवा, तिथनं उचलते, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि उजवा हात पुढं केला. बांगड्या कोपराकडे घसरल्या, नाव उघडं पडलं. चुन्यानं भाजलेलं, वजरीनं खरवडलेलं, तरी वाचता येत होतं. हिंदुरावांनी ते वाचलं. त्यांनी गोळी तिच्या हातात ठेवली, तांब्या पुढं केला, आणि तिनं ती गिळेपर्यंत ते तिथंच उभे राहिले.